पडद्यावरील वैद्यसभा

वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामसारख्या खेड्यांत १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांनीं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. अशा संस्थेंतील तज्ज्ञांशीं दूरच्या आरोग्यकेंद्रास आतां व्हिडिओवरून बोलतां येतें. केंद्र सरकारनें मार्च २०२० मध्यें केलेल्या नियमांत आरोग्यसेविकेनें असा सल्ला घेणेंही मान्य केलें आहे. मात्र रुग्णाची स्पष्ट संमति हवी.

परंतु पडद्यावर चार डॉक्टर दिसले म्हणजे विचारविनिमय झाला, असें आम्हांस वाटत नाहीं. रुग्णाच्या उशाशीं असलेल्या परिचारिकेनें प्रथम बोलावें. वडीलधारे तज्ज्ञ आधीं बोलले कीं तिची शंका ओठांतच राहते. (आपल्या घरांतून तरी निराळें काय होतें?) आवाज तुटला कीं 'फिफ्टी'चें 'फिफ्टीन' होतें, आणि किंमत रुग्णास द्यावी लागते. म्हणून मात्रेचे आंकडे सुटे उच्चारावे, ऐकणाऱ्यानें ते परत म्हणून दाखवावे, आणि कोणतें काम कोणाकडे हें सभा उठण्यापूर्वीं वाचून दाखवावें. जोडणी तुटल्यास फोन कोणीं करावयाचा, हेंही आधींच ठरवावें.

घरून सभेस बसणाऱ्या डॉक्टर सुनेस खोलीचें दार लावूं द्यावें. परक्याचें दुखणें माजघरांत ऐकूं येतां कामा नये. तेवढा अर्धा तास तिला चहास हाक मारूं नये.