फास्टनर ठोकणाऱ्यांनो, सिपोरेक्सची बदनामी थांबवा

सटाण्यात हल्ली कुठल्याही नव्या घरात गेलं की एक तक्रार ठरलेली : ‘सिपोरेक्सच्या भिंतीत काही टिकत नाही.’ मी हे ऐकून घेणार नाही. भिंत टिकते. टिकत नाही ते तुमचं काम.

सिपोरेक्सचा हा हलका ठोकळा काही काल जन्मलेला नाही. स्वीडनमध्ये 1920 च्या दशकात योहान एरिक्सन या वास्तुविशारदाने तो शोधला. पुण्यात शिर्के कंपनीने तो बनवायला घेतल्यालाही पन्नासेक वर्षं झाली. राख, सिमेंट, चुना, जिप्सम यांच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी टाकली की वायू सुटतो, लगदा फुगतो आणि मग तो दाबाखालच्या वाफेत शिजवतात. पोटात असंख्य बुडबुडे राहतात, म्हणून घनमीटरला वजन जेमतेम साडेपाचशे-सहाशे किलो. विटेचं बांधकाम याच्या तिप्पट भरतं. आमच्या कसमादे भागातल्या उन्हाळ्यात खोली थंड राहते ती याच बुडबुड्यांमुळे.

आणि अशा भिंतीत आमचे मिस्त्री लोखंडी फास्टनर ठोकतात! फास्टनर आवळला की त्याची बाही फुलते आणि भोकाच्या कडांना रेटते. काँक्रीट तो रेटा परतवतं, सिपोरेक्स चुरडतो. जेवढं आवळाल तेवढं ढिलं.

नामपूर रस्त्यावरच्या एका घरात गिझर निखळला, ते भोक मी पाहिलं. रुपयाच्या नाण्याएवढं झालं होतं, बोट घातलं की राखाडी भुगा गळत होता. हॅमर चालू ठेवूनच ड्रिल मारलेलं. त्यात कुणीतरी काड्यापेटीच्या काड्या आणि व्हाइट सिमेंट कोंबून आणखी जाड फास्टनर मारला होता. पंचवीस लिटरचा गिझर भरला की पस्तीस-चाळीस किलोला जातो. खाली माणूस आंघोळीला बसतो. याला मी अडाणीपणा म्हणत नाही, बेफिकिरी म्हणतो.

ब्रॅकेटवरचं वजन नुसतं खाली ओढत नाही, वरच्या बोल्टाला भिंतीतून बाहेर उपसतं. एसीचा आऊटडोअर पस्तीस किलोचा, त्याचा मध्य भिंतीपासून नऊ इंचांवर आणि वरच्या-खालच्या बोल्टांतलं अंतरही नऊ इंच असेल, तर वरच्या बोल्टांवर पस्तीस किलोचीच उपसणारी ओढ येते. वर कॉम्प्रेसरची थरथर दिवसरात्र. मग पहिल्याच उन्हाळ्यात ब्रॅकेट ढिला पडला तर त्यात नवल काय?

मग करायचं काय? हलक्या कपाटाला लांब नायलॉन गिट्टी पुरते. हॅमर बंद, नुसतं फिरतं ड्रिल, बिट एक नंबर बारीक, भोकातला भुगा फुंकून साफ. गिट्टीची लांबी मोजताना प्लास्टर धरायचं नाही. अर्धा-पाऊण इंच त्यातच जातो आणि आखूड गिट्टी ठोकळ्याला नीट धरतच नाही. जड वस्तूला केमिकल अँकर : भोक आत रुंद करायचं, रेझिन भरायचं, रॉड बसवायचा आणि ते पुरतं सुकेपर्यंत हात लावायचा नाही. सुकण्याआधीच नट आवळणाऱ्याला बाहेर काढा.

माझा खरा राग ठेकेदारांवर आहे. हलकी भिंत म्हणून तुम्ही लोखंड वाचवता, बांधकाम झटपट उरकता, पण मालकाला एवढंही विचारत नाही की गिझर कुठे, टीव्ही कुठे, बेसिन कुठे. विचारलं असतं तर त्या जागी चार भरीव काँक्रीटचे ठोकळे बसले असते. सात फुटांवर लिंटेलची पट्टी फिरतेच, ती बाथरूममध्ये गिझरच्या भिंतीवरून न्यायला कितीसं काँक्रीट लागतं? तिथे फास्टनर खुशाल मारा, ती त्याचीच जागा आहे.

रस्त्यावर लोंबणाऱ्या आऊटडोअरला मात्र मी एकच पद्धत मान्य करतो : आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूला चार इंची लोखंडी पट्टी. साधा वॉशर ठोकळ्यात रुततो. पट्टी प्लास्टरखाली झाकता येते आणि बाहेरचं भोक सीलंटने बुजवता येतं. ‘एवढं कोण करतं’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला शिडी लावू देऊ नका, आणि त्याने आधीच फास्टनर मारले असतील तर ब्रॅकेट उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.