पाहुणा पिंजऱ्यातून येतो तेव्हा

वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत प्रशिक्षित कुत्रा घेऊन जाणारे स्वयंसेवक मुंबई-पुण्यात आता नवे राहिलेले नाहीत. पक्ष्यांच्या वाट्याला मात्र हे काम आपल्याकडे क्वचितच येते. कितीतरी घरांत बजरीगर आहेत (बाजारात त्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, खरे लव्हबर्ड वेगळे), कॉकाटील आहेत. त्यातला एखादा इतका माणसाळलेला असतो की अनोळखी पाहुण्याच्याही बोटावर येऊन बसतो, डोके खाजवून घ्यायला मान पुढे करतो. असा पक्षी घरापुरताच का ठेवायचा? अमेरिकेतील ‘पेट पार्टनर्स’ ही संस्था रुग्णालये, शाळा आणि वृद्धाश्रमांना भेटी देण्यासाठी नऊ प्रकारच्या प्राण्यांची नोंदणी करते आणि त्यांत पक्षीही आहेत. आपल्याकडेही हे व्हावे, असे आमचे मत आहे. मात्र ज्या अभ्यासांचे दाखले देऊन हा उत्साह वाढवला जातो, ते नेमके काय सांगतात हे आधी पाहायला हवे.

१९७५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी काहींना बजरीगर देण्यात आला, काहींना बेगोनियाची कुंडी. काही महिन्यांनी पाहिले तर बजरीगरवाल्यांची मनःस्थिती आणि इतर माणसांविषयीची भावना सुधारलेली होती. पक्ष्याच्या निमित्ताने भेटायला आलेल्यांशी बोलायला विषय मिळाला होता. पण माणसे मूठभरच होती, तेव्हा या निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत पुनर्वसन विभागात दाखल असलेल्या ४० वृद्धांचा अभ्यास झाला. काहींच्या खोलीत दहा दिवस बजरीगरचा पिंजरा ठेवला. त्यांचे नैराश्य कमी झाले, एकटेपणाच्या भावनेत मात्र फरक दिसला नाही. त्यानंतरचा, २००६ चा इटलीतील अभ्यास अधिक मोठा. वृद्धाश्रमांतील १४४ जणांचे तीन गट केले. एका गटाला कॅनरी, दुसऱ्याला रोप, तिसऱ्याला काहीच नाही. तीन महिन्यांनंतर कॅनरी सांभाळणाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा दिसली.

यांत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. या लोकांना पक्ष्याला कुरवाळून बरे वाटले, असे हे अभ्यास म्हणत नाहीत. कॅनरी तर हातात घेण्याचा पक्षीच नव्हे. तो जवळ राहत होता, रोज दिसत होता, रोज ऐकू येत होता. सकाळी वाटीतले पाणी बदलायचे, राळे घालायचे, खालचा कागद काढायचा. ज्या माणसाची प्रत्येक गोष्ट आता दुसरे कोणीतरी करते, त्याच्या हातात एक काम आले. गुण आला तो बहुधा त्या कामाचा, असा आमचा अंदाज आहे.

मग तासाभराच्या एका भेटीचे काय? त्याविषयी हे अभ्यास काहीच सांगत नाहीत. वर्धापनदिनाला पक्षी आणला, पन्नास जणांच्या खांद्यावर बसवून फोटो काढले आणि निघाले, यातून कोणाचे नैराश्य हटेल असे मानायला आधार नाही. भेट द्यायचीच तर तोच पक्षी, तोच माणूस आणि तोच वार हवा. दर बुधवारी येणाऱ्या पक्ष्याची वाट पाहता येते, मागच्या खेपेला तो काय करत होता ते आठवता येते, त्याच्यासाठी कोथिंबिरीची काडी बाजूला ठेवता येते. लॉस एंजेलिस येथील माजी सैनिकांच्या वैद्यकीय केंद्राच्या आवारात २००५ च्या सुमारास लोरिन लिंडनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ‘सेरेनिटी पार्क’ सुरू केले. टाकून दिलेले, छळ सोसलेले पोपट तिथे ठेवले आणि युद्धाच्या आठवणींनी पोखरलेल्या सैनिकांवर त्यांची देखभाल सोपवली. तिथेही पक्षी माणसाला रिझवायला आणलेला नव्हता. त्याचीच शुश्रूषा करायची होती.

आता फुप्फुसांकडे वळू. पक्षी आणि श्वसनविकार हा विषय दादरच्या कबुतरखान्याच्या वादाने २०२५ च्या पावसाळ्यात घराघरांत पोचवला. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीतील प्रथिनांमुळे काहींच्या फुप्फुसांना वारंवार सूज येते आणि पुढे ती राठ होत जातात. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. फुप्फुसांच्या अशा चिवट आजारांची देशव्यापी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हाच आजार होता. सगळ्यांचे कारण पक्षी नव्हते, एअर कूलरचाही त्यात मोठा वाटा दिसला. सहसा हा आजार दीर्घकाळच्या, पुनःपुन्हा होणाऱ्या संपर्कातून जडतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या भेटीने निरोगी माणसाने घाबरण्याचे कारण नाही. पण ज्यांना दमा आहे, फुप्फुसांचा जुना आजार आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा प्रत्यारोपण झाले आहे, त्यांच्या खोलीत पक्षी नेऊ नये. ही यादी वृद्धाश्रमाच्या डॉक्टरांकडून भेटीच्या आधीच घ्यावी. पक्ष्याची निवडही इथे महत्त्वाची ठरते. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावरून पावडरीसारखी बारीक भुकटी सतत झडत असते. म्हाताऱ्या माणसांच्या बंद खोलीसाठी त्यापेक्षा बजरीगर बरा.

दुसरा धोका सिटॅकोसिसचा. क्लॅमिडिया सिटॅसी या जिवाणूमुळे होणारा, न्यूमोनियाच्या अंगाने जाणारा हा आजार वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्याने होतो. १९२९-३० मध्ये पोपटांच्या व्यापारातून तो अनेक देशांत पसरला आणि जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेने पोपटांची आयातच बंद केली. आज डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो, पण निदान व्हायला हवे. ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस घरात पक्षी असल्याचे आपणहून सांगत नाही आणि डॉक्टरही क्वचित विचारतात. भेटीला जाणारा पक्षी पशुवैद्यकाने तपासलेला असावा. घरात नवा पक्षी आणला तर तो महिना-दीड महिना वेगळा ठेवावा आणि तोवर जुन्यालाही बाहेर नेऊ नये. पक्षी आजार लपवण्यात पटाईत असतात. पिसे फुगवून गप्प बसलेला पक्षी त्या दिवशी घरीच राहिलेला बरा.

पक्ष्याची बाजू याहून कमी बोलली जाते. बजरीगरचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम असते. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच हवा आत-बाहेर होते. लहान मुलाने प्रेमाने मुठीत घट्ट धरले तरी पक्षी गुदमरतो. त्याला डसायचीही संधी मिळत नाही. म्हणून मुलांच्या हातात पक्षी कधीच देऊ नये. मुलाने बोट पुढे करावे, यायचे की नाही ते पक्ष्याने ठरवावे. आणि आपल्याकडचा एक धोका परदेशी पुस्तकांत फारसा सापडत नाही, तो म्हणजे छताचा पंखा. पिंजऱ्याचे दार उघडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात हे जमणार नाही, तेव्हा भेट सकाळी लवकर ठेवा किंवा पिंजरा उघडूच नका. नुकतीच फिनाइलने पुसलेली खोली, रूम फ्रेशनर, उदबत्तीचा धूर हे सगळे पक्ष्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला जाचते. वीस-पंचवीस मिनिटे पुरे.

शाळेत मात्र कॉकाटीलसारखा शिक्षक नाही. त्याचा तुरा म्हणजे मनाचा काटाच. ताठ उभा राहिला तर तो दचकलेला किंवा सावध, डोक्याला घट्ट चिकटला आणि फिसफिस आवाज आला तर घाबरलेला किंवा चिडलेला, किंचित कललेला असेल तर निवांत. दहा मिनिटांत चौथीतली मुले हे वाचायला शिकतात. मग वर्गातले सर्वांत दांडगट पोरही ‘आत्ता नको, तुरा बघ’ म्हणून मागे सरकते. समोरच्याची इच्छा नसेल तर हात लावायचा नाही, हे शिकवायला एवढा सोपा धडा दुसरा कुठे मिळेल?

हा धडा कोणत्या पक्ष्याकडून द्यायचा, याला आपल्याकडे कायद्याचे कुंपण आहे. मराठी घरात ‘मिठू मिठू’ करणारा हिरवा पोपट पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात दिसत आला. पण आपला हा पोपट, त्याहून मोठा पहाडी पोपट, मैना आणि मुनिया हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. बाजारातली पिल्ले झाडांच्या ढोल्यांतून ओढून काढलेली असतात आणि त्यातली कित्येक वाटेतच मरतात. असा पोपट शाळेत नेला तर मुले त्याच्या बोलण्यावर खूश होतील आणि संध्याकाळी आईवडिलांकडे तसाच मागतील. परदेशी बजरीगर आणि कॉकाटील पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात, त्यांना ही अडचण नाही. आफ्रिकन ग्रेची गोष्ट वेगळी. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१६ च्या निर्णयानुसार अत्यंत कडक निर्बंध आले आहेत आणि असा पक्षी घरी असेल तर सरकारदरबारी नोंदणी करावी लागते.

आणि ज्यांच्या घरी हिरवा पोपट आधीपासूनच आहे त्यांनी? खिडकी उघडून त्याला सोडून देऊ नये. वर्षानुवर्षे वाटीतले खाल्लेल्या पोपटाला खाणे शोधता येत नाही, घार-कावळ्यापासून लपता येत नाही, दोन दिवसांत तो कुठेतरी पडतो. वन विभागाच्या १९२६ या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावर फोन करावा आणि त्यांच्या सांगण्यानुसार पक्षी सोपवावा. फोन करण्यापूर्वी तो काय खातो, किती वर्षांचा आहे, उडू शकतो का, एवढे कागदावर लिहून ठेवावे.