दरड आणि गाळ : एकाच साखळीची दोन टोके

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. त्याच दिवशी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले. नद्यांची खोरी वेगळी असली, तरी या दोन्ही आपत्तींमागे सह्याद्रीच्या झिजेचीच साखळी आहे.

सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भेगांत झिरपणाऱ्या पाण्याने त्याचे विदारण होते आणि मुरूम व माती तयार होते. अतिवृष्टीत हा थर पाण्याने जड होतो, त्याची पकड सुटते आणि तो उतारावरून निसटतो. वाहून आलेली माती पाण्याचा वेग मंदावताच नदीत साचते. पात्र उथळ होते. पाणी वस्तीत शिरते.

झीज निसर्गाचीच, मात्र उभे कापलेले डोंगर आणि तुटलेली जंगले तिला वेग देतात. माळीण (२०१४), तळिये आणि इर्शाळवाडी (२०२३) यांनंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने पुनर्वसनाची. पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीने २०११ मध्येच दिलेला इशारा मागे पडला. पुरानंतर वाशिष्ठीतील गाळ उपसण्यात आला, ते आवश्यकच होते. परंतु डोंगरउतार राखले नाहीत, तर उपसलेले पात्र पुन्हा भरणार, हे उघड आहे.