कारखान्याच्या गावाला विज्ञानकथा कशाला?

आकुर्डी-निगडीच्या पट्ट्यात विज्ञानकथांच्या मालिका आणि व्हिडिओ गेम यांच्याविषयी एक मत पक्कं रुजलेलं आहे. उभा जन्म शॉप फ्लोअरवर काढलेले काका ते बोलून दाखवतात, प्राधिकरणातले पालक मुलांना ऐकवतात: यंत्र शिकायचं तर यंत्रापाशी उभा राहा, अंतराळयानं बघून कुणाचं पोट भरलंय? हे मत कष्टातून आलेलं आहे, म्हणून ते हसण्यावारी नेणं मला मान्य नाही. पण ते चूक आहे, आणि या गावापुरतं तर फारच चूक आहे.

यंत्र कसं चालतं हे शॉप फ्लोअर शिकवतो, यात वाद नाही. ते कुणाच्या हुकमाने चालतं, ते आल्यावर आधीच्या माणसाचं काय होतं, त्याच्या हातून घात झाला तर जाब कुणाला विचारायचा, हे कुठल्याही ट्रेनीला शिकवत नाहीत. विज्ञानकथा नेमकी याच प्रश्नांवर उभी आहे. कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२१ साली प्रागच्या रंगमंचावर आलं. त्यातली पात्रं आहेत कारखान्यात घडवलेले कृत्रिम कामगार. खराखुरा औद्योगिक रोबो जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला १९६१ साली. रोबो लाइनवर येण्याच्या चाळीस वर्षं आधी त्याच्यावरचं भांडण रंगभूमीवर होऊन गेलं होतं.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी दाखवली, तेव्हा अनेकांनी ती टोकदार कानांची गंमत म्हणून पाहिली. तिच्यातला १९६८ सालचा ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’ हा भाग जरूर बघा. यानावर एम-५ नावाचा संगणक बसवतात आणि कॅप्टन कर्कला सांगतात की आता तुझी गरज नाही. दुसऱ्या जहाजावरचा अधिकारी त्याला तोंडावर ‘निरुपयोगी सुटा भाग’ म्हणतो. कर्क काही बोलत नाही, त्याचा चेहरा फक्त पडतो. संगणक बनवणारा डॉ. डेस्ट्रॉम खलनायक नाही. माणसांना अंतराळात जीव गमवावा लागू नये, हीच त्याची इच्छा. तरीही सरावाच्या लढाईत एम-५ खऱ्या जहाजांवर मारा करतो आणि माणसं मरतात. शेवटी कर्क त्या यंत्रालाच विचारतो, खुनाची शिक्षा काय?

आता आकुर्डीकडे या. बजाजच्या इथल्या कारखान्यातून चेतक बाहेर पडायची. सप्टेंबर २००७ मध्ये इथलं उत्पादन थांबलं. जून २०२२ मध्ये याच आकुर्डीत विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला, रोबो आणि स्वयंचलित यंत्रणेवर भर देणारा. मधल्या काळात बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात माणसाच्या खांद्याला खांदा लावून काम करणारे कोबो आले. अंगमेहनतीचं, तेच ते काम त्यांच्याकडे गेलं आणि लाइनवर मुलीही मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. यंत्राने एकाचं काम नेलं आणि दुसरीला दार उघडलं, हे दोन्ही खरं आहे. ज्या गावाने हे पंधरा वर्षांत डोळ्यांनी पाहिलं, तिथे कर्कचा पडलेला चेहरा परका कसा वाटेल?

आमच्या बाजूच्या चाहत्यांचाही एक युक्तिवाद मला खोडून काढायचा आहे. ते म्हणतात, बघा, ‘स्टार ट्रेक’ने मोबाईल आधीच सांगितला होता! हा बचाव लंगडा आहे. विज्ञानकथांची बहुतेक भाकितं फसलेली आहेत. चंद्रावरच्या वसाहती आणि उडत्या मोटारी अजून कागदावरच आहेत. आर्थर क्लार्कने भूस्थिर उपग्रहांतून संदेशवहनाची कल्पना १९४५ साली मांडली खरी, पण ती ‘वायरलेस वर्ल्ड’मधल्या तांत्रिक लेखात, कथेत नव्हे. भाकिताच्या तराजूवर तोललं तर विज्ञानकथा हरणारच. तिचं मोल ती विचारत असलेल्या प्रश्नात आहे.

गेमवरचा आरोप अधिक गंभीर आहे आणि अर्धा खराही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली, तिचं मी स्वागतच करतो. ती लूट होती. पण त्या लुटीचं नाव घेऊन सगळेच गेम झोडपणं हा अन्याय आहे.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या गेमचं उदाहरण देतो. तुमचं यान आणि पुढचं यान एकाच कक्षेत आहेत, पुढच्याला गाठायचंय. मुलगा इंजिन पेटवून वेग वाढवतो आणि मागे पडतो! वेग वाढला की कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो. गाठायचं असेल तर उलट वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरावं लागतं, तिथे फेरी लवकर पुरी होते. पुस्तकात हे सूत्र वाचून पाठ होतं, गेममध्ये चार यानं वाया घालवल्यावर हाडात मुरतं. २०१३ साली मंगळयानाने पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने का वाढवत नेली, हे अशा मुलाला समजावून सांगावं लागत नाही. ‘फॅक्टोरियो’ तर अख्खा कारखाना उभारायचा गेम: माल कुठे तुंबतो, कुठली लाइन उपाशी राहते, हे शोधत बसायचं. चाकणचा प्रॉडक्शन इंजिनिअर दिवसभर दुसरं काय करतो?

मराठीला हे सारं परकं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला बक्षीस मिळालं. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे यांनी ही वाट रुंद केली. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढून आपल्या पुराणकथा जगभरच्या खेळाडूंपुढे नेल्या. लेखक आहेत, गेम घडवणारे हात आहेत, आकुर्डीत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत.

म्हणून मराठी वाहिन्यांना माझं सांगणं आहे: ‘रात्रीस खेळ चाले’ या भुताखेतांच्या मालिकेची तीन पर्वं तुम्ही काढलीत, प्रेक्षकांनी ती पाहिली. आता लोंढे-जावडेकरांच्या कथा घ्या, चित्रीकरणाला आकुर्डी-चाकणला या, आणि एक पर्व यंत्र आणि माणूस यांच्यावर करा. बघायला आम्ही इथे बसलो आहोत, पहिल्या पाळीचेही आणि तिसऱ्या पाळीचेही.