चॅप्टर केस : समोरचे साहेब न्यायाधीश आहेत का?

सण किंवा निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यातल्या काही मुलांच्या घरी पोलीस ठाण्यातून नोटीस येते. ‘चॅप्टर केस लागली’ एवढंच कळतं आणि घरचे घाबरतात. मुलगा जातो, पुढे केलेल्या कागदावर सही करतो, सुटलो म्हणून परत येतो. सही कुणापुढे केली, हे त्याला ठाऊक नसतं.

खटला चालवून शिक्षा देण्याचं काम न्यायदंडाधिकाऱ्यांचं. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी 3 वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकारी 7 वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. त्याहून मोठी शिक्षा सत्र न्यायालय देतं. चॅप्टर केस मात्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. तालुक्यात हे तहसीलदार असतात. मुंबई, पुण्यासारख्या आयुक्तालयांत पोलीस अधिकारीच. इथे गुन्हा सिद्ध करायचा नसतो. शांतता भंगेल अशा शक्यतेवरून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली एक वर्षापर्यंतचा बाँड मागता येतो. पण बाँड मोडला असं ठरलं, तर उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगात जावं लागू शकतं.

म्हणजे तक्रार पोलिसांची आणि निकालही पोलिसांचाच! न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी असावी, असं संविधानाचं कलम 50 सांगतं. पोलीस उपायुक्तांना हे अधिकार देणारे तमिळनाडू सरकारचे आदेश मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये रद्द केले. महाराष्ट्रातही हे अधिकार पोलिसांकडून काढून घ्यावेत, अशी मागणी आपण सर्वांनी करायला हवी. हा प्रश्न एका समाजाचा नाही. प्रत्येक वस्तीतल्या गरीब पोरांचा आहे.

तोवर हे लक्षात ठेवा. कलम 130 नुसार लेखी आदेश मिळालाच पाहिजे. तुमच्याविरुद्ध काय माहिती आहे, बाँड किती रकमेचा आणि किती काळाचा, हे त्यात असतं. तो वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. चौकशी 6 महिन्यांत संपली नाही आणि मुदतवाढीची खास कारणं लेखी नोंदवलेली नसतील, तर कारवाई आपोआप संपते. जामीन देण्याच्या अंतिम आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करता येतं. वकील परवडत नसेल, तर मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 वर फोन करा.

आणि तुमच्यापैकी जे एलएलबी करत आहेत, त्यांनी पुढच्या सणाआधी मोहल्ल्यात एक संध्याकाळ बसून ही माहिती मुलांना, त्यांच्या अम्मी-अब्बांना समजावून सांगावी.