काहिलीला बूड लागल्याचा वास

आत्याच्या घरी दारूचा विषय निघाला की कोणीतरी पटकन भाज्यांचे भाव काढतं. तिच्या सासऱ्यांनी दारूपायी दोन एकर ऊस घालवला, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही. म्हणून गेल्या डिसेंबरात बेंगळुरूला दादानं लंडनहून आणलेली काळी, बुटकी बाटली जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि मी पापडाकडे.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"बिअर आहे, आई. इम्पीरियल स्टाउट."

"बाटली तर औषधाची दिसते. यात असतं किती?"

दादा "थोडंसंच" म्हणाला, पण लेबलवर १० टक्के छापलेलं होतं. मी मोबाइलवर हिशोब केला. ३३० मिलिलिटरची बाटली, म्हणजे ३३ मिलिलिटर अल्कोहोल. आपल्याकडे मिळणारी ६५० मिलिलिटरची मोठी बाटली ५ टक्क्यांची धरली, तर तिच्यात साडेबत्तीस. आणि व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण २६. म्हणजे बाटली अर्धी, पण ऐवज पुरा.

आत्यानं ऐकून घेतलं. "मग तिघांत एकच. आणि आधी जेवा."

आता तुम्ही म्हणाल, घरातले सगळे वाचतात त्या मासिकात बिअर कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. पिण्याचं कायदेशीर वय राज्यागणिक वेगळं आहे, गुजरात आणि बिहारमध्ये तर दारूबंदीच आहे, आणि जे पीत नाहीत त्यांनी सुरू करावं असं काहीच यात नाही. पण चवींबद्दल लिहायचं ठरवलंय, तर या चवीची गोष्टही सांगायलाच हवी.

अठराव्या शतकात लंडनचे हमाल जी गडद बिअर प्यायचे, तिला त्यांच्यावरूनच पोर्टर म्हणू लागले. त्यातली जी जास्त कडक, ती स्टाउट. साउथवर्क भागात हेन्री थ्रेल यांची अँकर ब्रुअरी होती. १७८१ मध्ये ते वारल्यावर बार्कले आणि पर्किन्स यांनी ती विकत घेतली. तिथली खास बिअर रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारी जायची. चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांच्या १७९६ च्या रोजनिशीत या बिअरची नोंद आहे. ती सम्राज्ञीसाठी बनते आणि सात वर्षं टिकते, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. 'इम्पीरियल' हा शब्द आला तो या शाही गिऱ्हाइकामुळे. समुद्रावर गोठू नये म्हणून ती इतकी कडक केली, असंही बरेच जण सांगतात. मला ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटते. जास्त अल्कोहोल आणि भरपूर हॉप्स असले की बिअर टिकते, एवढं कारण लांबच्या प्रवासाला पुरेसं आहे.

काळा रंग मात्र नंतर आणखी गडद झाला. बिअरसाठी जव भिजवून, मोड आणून वाळवतात, त्याला माल्ट म्हणतात. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी हे माल्ट फिरत्या पिंपात कोळशासारखं काळं भाजायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात, जवळजवळ तसंच. गंमत म्हणजे हे काळं माल्ट घालायचं थोडंसंच, बाकीचं साधं फिकट. आपण शेंगदाण्याच्या कुटात चार दाणे जास्त भाजलेले आले तरी सगळ्या चटणीला वास लागतो, तसं.

मी पहिल्यांदा स्टाउट प्यायले होते ती फ्रीजमधून काढल्या काढल्या, तहान लागल्यावर पितात तशी. करपलेली कॉफी, बस. दुसरा ग्लास संपेपर्यंत पाय माझे राहिले नव्हते. दोष बिअरचा नव्हता. खूप गार असताना जिभेला कडूपणाशिवाय फारसं काही कळत नाही, आणि वास तर जवळपास बंदच असतो.

त्यामुळे दादानं बाटली आधीच बाहेर काढून ठेवली होती. १२-१४ अंश बरं, म्हणजे हाताला गार लागेल पण बोटं बधिर होणार नाहीत इतपत. मुंबईच्या मे महिन्यात त्याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, बेंगळुरूच्या थंडीत अर्धा तास लागला. पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता ग्लास असला तर वास आत राहतो. आमच्याकडे तसे नव्हते, साधे काचेचे चालले. प्रत्येकाच्या वाट्याला ११० मिलिलिटर आली. फेसही तपकिरी! ग्लास दिव्यासमोर धरला तर आरपार काही दिसत नाही, फक्त कडेला किंचित लालसर.

मग आधी नाक. नंतर छोटा घोट, तो तोंडात दोन क्षण फिरवायचा, आणि गिळल्यावर गप्प बसायचं. पहिल्यांदा गोडसर, मग भाजल्याचा कडसरपणा, शेवटी घशात ऊब. दहा मिनिटांनी तोच ग्लास निराळा लागला, खजुरासारखा. सोबत तिखट चिवडा घेऊ नका, अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. वहिनीनं काजूकतली आणली, तीही गोडावर गोड झाली. गडद, कमी साखरेचं चॉकलेट मात्र जमलं.

मी इंग्रजीची पदवीधर, त्यामुळे लेबलवरचे शब्द वाचून दाखवत होते. मोलॅसिस, रोस्ट, फिग. आत्या भांडी आवरता आवरता ऐकत होती. हात पुसून ती आली.

"बघू, वास बघू फक्त."

तिनं ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथंच धरला.

"आमच्या गुऱ्हाळात काहिलीला बूड लागलं की असा वास यायचा. काकवी करपायला लागली की. मग बाबा ओरडायचे, आणि आम्ही पोरं खरवडून खायचो."

तिचं माहेर कोल्हापूरकडचं. मी ज्या शब्दासाठी मघापासून लेबल चाळत होते, तो तिच्याकडे होता. आम्ही तिघांनी पुन्हा वास घेतला. काकवीच होती, आणि तळाशी किंचित करपलेली.

"पिऊन बघतेस का, एक घोट?" दादानं विचारलं.

"नको." तिनं ग्लास माझ्या हातात परत दिला. "आणि बाटली घरात ठेवू नकोस."

दादा रात्रीच खाली जाऊन टाकून आला.