वरची कोथिंबीर

मेसमधली एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. सकाळी पोहे खाऊन झाले की प्रत्येक ताटलीच्या कडेला तीन-चार काळपट पानं शिस्तीत लावून ठेवलेली असतात. तोच तो बिचारा कढीपत्ता! फोडणीत आपला सगळा वास तेलाला देऊन बसलेला, आणि वर पुन्हा कडेला काढलेला. कोथिंबिरीचं नशीब थोडं बरं. ती खाल्ली जाते, पण तिला किंमत नाही. भाजीवाल्याकडून दोन किलो वांगी घेतली की आपण सहज म्हणतो, ‘‘मामा, वर थोडी कोथिंबीर टाका की!’’

या ‘वर टाका’बद्दलच मला लिहायचंय.

मी राजूरचा. भोकरदन तालुका, जालना जिल्हा. राजुरेश्वर गणपतीमुळे गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अंगारकीला आमच्या गावात पाय ठेवायला जागा नसते. आमचे दादा (म्हणजे वडील) विहिरीवर दहा गुंठे भाजीपाला करतात आणि आई बाजारात विकायला बसते. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी पिशव्या धरायला जायचो. गंमत बघा, देवाच्या दारात दुर्वांची जुडी माणसं घासाघीस न करता घेतात. तीच माणसं खाली बाजारात आली की कोथिंबीर फुकट मागतात! आई कुणाला नाही म्हणायची नाही. संध्याकाळी पैसे मोजताना मात्र एकदा म्हणाली, ‘‘आज वांगे विकले अन् कोथिंबीर वाटली.’’ तेव्हा मी हसलो होतो.

घरचं धोरण एकच होतं. ‘‘तू अभ्यास कर, शेतात येऊ नको.’’ मीही ते आनंदाने पाळलं. त्याचा परिणाम फर्स्ट इयरला दिसला. रूमवर रात्री मॅगी व्हायची. वाटलं, वरून घरची कोथिंबीर हवी. रंगाचा रिकामा डबा आणला, माती भरली, किराणा दुकानातले धने टाकले आणि रोज तांब्याभर पाणी. तीन आठवडे झाले तरी डब्यात हिरवं काही नाही, नुसता कुबट वास. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, ‘‘येड्या, धने फोडले होते का? अन् डब्याला खाली भोक हाये का?’’

दोन्ही उत्तरं ‘नाही’!

ज्याला आपण धना म्हणतो ते फळ असतं आणि त्यात दोन बिया जोडीने असतात. चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून ते दुभंगायचे, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. आठ-दहा दिवसांत उगवतात. हे मला विसाव्या वर्षाच्या आसपास फोनवर कळलं. मी कुठल्या जिल्ह्यातला? तर ज्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ सुरू केली, ज्या कामासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि जिथून देशभर बियाणं जातं, त्या जिल्ह्यातला. लाज वाटली, खरं सांगतो.

दुसऱ्या खेपेला डब्याला भोकं पाडली. उगवलं. मग पाखरांनी थोडं खाल्लं, एका रविवारी गावी गेलो तर थोडं सुकलं. उरलेली कोथिंबीर पंचेचाळीस दिवसांनी कापली तेव्हा एक जुडीसुद्धा धड भरली नाही. पण त्या दिवशी आईचं ‘वाटली’ हे वाक्य मला पहिल्यांदा कळलं. पंचेचाळीस दिवसांचं पाणी, राखण आणि काळजी आपण ‘वर’ मागत असतो!

म्हणून माझं मत सरळ आहे. प्रत्येकाने आयुष्यात निदान एक जुडी स्वतः पिकवावी. पैसे वाचवायला नाही. त्यासाठी दहाची नोट पुरते. ती जुडी पुन्हा फुकट मागायला तोंड होऊ नये म्हणून.

आता कोणी म्हणेल, हॉस्टेलवर जागा कुठाय? खिडकीच्या कट्ट्यावर दोन डबे बसतात. काय लावायचं ते माझ्या अनुभवावरून सांगतो.

नवशिक्याने मेथीपासून सुरुवात करावी. तीन-चार आठवड्यांत खायला मिळते, त्यामुळे उत्साह टिकतो. पुदिन्याला तर बीही लागत नाही. बाजारच्या जुडीतली जाड काडी घ्यायची, खालची पानं काढून पेल्यात उभी ठेवायची. आठवडा-पंधरवड्यात मुळं फुटतात. मात्र त्याला वेगळा डबा द्या, नाहीतर तो शेजाऱ्याच्या अंगावर जातो, आमच्या रूममधल्या एका मित्रासारखा. पानओव्याची काडी खोचली की लागते, पाणी कमी पडलं तरी रुसत नाही आणि त्याच्या पानांची भजी पावसाळ्यात काय लागतात! गवती चहाचा एक ठोंब मात्र सगळ्या विंगला पुरतो. सबमिशनच्या रात्री तेवढाच आधार.

कढीपत्त्याला धीर लागतो. पहिली एक-दोन वर्षं तो जागचा हलत नाही. म्हणजे फर्स्ट इयरला लावला तर फायनलला फोडणी! विदर्भातली मुलं त्याला गोडलिंब म्हणतात. दिसायला तो कडुलिंबासारखा असला तरी कूळ लिंबू-मोसंबीचं. आमच्याकडच्या मोसंबीच्या बागेत जी अळी पानं खाते, तीच कढीपत्त्यावरही येते. लहान असताना ती अगदी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. हाताने उचलून टाकायची, औषध मारायची गरज नाही. (विदर्भवाल्यांचा विषय निघालाच आहे, तर त्यांच्याकडे कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात. आमचा रूममेट ‘सांबार आण’ म्हणाला आणि मी हॉटेलातून इडलीबरोबरचं सांबार पिशवीत बांधून आणलं होतं. असो.)

राहिला पाण्याचा प्रश्न. तो मराठवाड्यातल्या माणसाला शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ दिसला होता. भाजीपाला सगळा गेला. हिरवा राहिला तो फक्त न्हाणीमागचा वाफा, जेमतेम खाटेएवढा. तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी कोथिंबिरीला, अंघोळीचं पाणी कढीपत्त्याला, असा आईचा कायदा होता. मी पाचवीत होतो. पेल्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकलं म्हणून तेव्हा मार खाल्लाय. त्या उन्हाळ्यात रोज पिठलं-भाकरीच असायची, पण पिठल्यावर चार हिरवी पानं असायची. ताटात तेवढी पानं असली की दुष्काळ घरात शिरल्यासारखा वाटायचा नाही.

आता आपल्या मेसकडे या. मागच्या महिन्यात एका सकाळी मी मोरीपाशी बादल्या लावून मोजलं. तांदूळ, डाळ आणि भाज्या धुतलेलं पाणी चार बादल्या भरलं, म्हणजे साधारण साठ लिटर. ते सरळ गटारात जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे आपल्याला परीक्षेपुरतं येतंच. रोज सहा मिलिमीटर धरले तरी साठ लिटरमध्ये दहा चौरस मीटरचा वाफा भिजतो. मेसमागची जागा त्याहून मोठी आहे. भर उन्हाळ्यात कोथिंबीर लगेच फुलावर येते, तेव्हा वर हिरवी जाळी लागेल आणि पाणीही जास्त लागेल. साबणाचं पाणी आणि फिल्टरमधून बाहेर पडणारं खारं पाणी मात्र वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. यात अवघड असं काय आहे?

सुट्टीत हे सगळं दादांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमीच लावायला लागल्यावर आमची कोण घेईल?’’

या प्रश्नाने मी गप्प झालो. बाजारात हिरवी जुडी कधी पन्नासला जाते, तर कधी दोन रुपयालाही कोणी विचारत नाही आणि शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर घालतो. त्यात आपण आणखी भर का घालायची? बराच विचार केल्यावर मला एवढंच सुचलं, की दहा चौरस मीटरमध्ये तीनशे पोरांची कोथिंबीर होणार नाही. मेसला बाजारातून आणावीच लागेल. फरक पडला तर आणणाऱ्यात पडेल. ज्याने वाफा राखलाय, तो मामांना ‘वर टाका’ म्हणणार नाही, ‘जुडी केवढ्याला?’ म्हणून विचारेल. दादा यावर काही बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी पिशवीत शेरभर गावरान धने टाकले.

ते धने माझ्या कपाटात आहेत. रेक्टर सर आणि मेस कमिटी, मेसमागची ती जागा आम्हाला द्या, पाणी तुमचं वाया जातंच आहे. धने मी देतो. ज्यांना यायचं त्यांनी रविवारी सकाळी यावं. येताना जुनी चप्पल आणा, फोडायला लागेल.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी